शेंदराचे हात

आमच्या गावात मारुतीला शेंदूर चढवायचा मान पुंडलिकरावांच्या घराचा. कधीपासून, ते त्यांनाही सांगता येत नाही. कुणी विचारलंच तर ते आपला उजवा तळहात पुढे करत. रेघांत, पेरांत, नखांच्या कडेला तांबूस भगवा रंग कायमचा मुरलेला. "हे पाहा. माह्या बापाचा हात बी असाच होता," म्हणत. यावर कोण काय बोलणार? मारेगावच्या बाजारात भाजीवाल्या बाया तो हात पाहून मूठभर मिरच्या जास्तीच्या टाकत. मानाचा असा थोडा फायदाही असतो, नाही असं नाही.

या मानाची रीत आधी सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यातूनच झालं. शेंदूर देवळात कालवायचा नाही. शुक्रवारी सांजच्याला घरच्या ओट्यावर, पितळी कोपरात, म्हणजे पसरट परातीत, जवसाच्या तेलात तो हातानं मळायचा, लोण्यासारखा मऊ होईपर्यंत. पुरुषानं तो चढवायचा, मळायचा नाही. मारुती ब्रह्मचारी, म्हणून लग्न झालेल्या बाईचा हात कोपराला लागला तर तो बाटला. मग मळायला राहिलं कोण? घरातली लहान पोरगी.

सध्या ती पोरगी म्हणजे समीक्षा, पुंडलिकरावांची नात, चौथीतली. शाळेत जायच्या आधीच ती बियाण्याच्या पाकिटांवरची अक्षरं ओळखायची. 'क' दिसला की "कापसाचा!" म्हणून ओरडायची. तिच्या आईला, उर्वशीला, तेव्हा आभाळ ठेंगणं झालं होतं. पुढे समीक्षा कोपरापुढे बसायला लागली आणि हळूहळू, कुणाच्या ध्यानात न येता, मंद होत गेली. चहापत्ती आणायला धाडली तर साखर घेऊन यायची. पाढा अर्ध्यात सुटायचा. पोट दुखतं म्हणून कूस धरून बसायची, भाकर तशीच टाकून उठायची, आणि तोंड पांढरंफटक.

याचं आमच्या गावाला नवल वाटलं नाही. "शेंदरी घरच्या पोरीले अक्षर लाभत नाही," असं म्हणायची आमच्याकडे पद्धतच होती. पुंडलिकरावांची बहीण अशीच, त्यांची मुलगी दुर्पता अशीच. त्या घरच्या पोरींचं डोकं जडच, रक्तातच आहे, असं आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. पुंडलिकरावांनी त्यावर उपायही काढला होता. चाचणीचे मार्क कमी आले की ते म्हणत, "मारुती बुद्धीचा देव आहे, पोरी. मन लावून मळ. तोच देईन." दिवाळीनंतरच्या चाचणीत तर फारच कमी आले, तेव्हा त्यांनी मंगळवारचंही मळणं तिच्यामागे लावलं. माणूस प्रेमानं किती वाईट करू शकतो, ते पाहायचं तर आमच्या गावात यावं.

आणि त्यांनी उर्वशीला सांगूनही ठेवलं होतं, "चौथी होऊ दे. पाचवीची शाळा फाट्यावर, रोजचं जाणं-येणं, आन् टाळकं तं चालत नाही. पुढच्या हंगामापासून येऊ दे तिले वेचणीले. डोस्कं नाही तं हात तरी चालतीन."

उर्वशीनं मान खाली घातली होती. ती स्वतः सातवीतून निघालेली. पोरीचीही शाळा सुटणार, हे तिला सलत होतं.

शाळेत परिपाठाच्या वेळी साकेत सर नखं बघत. यवतमाळच्या नोकरदार घरातला तरुण माणूस, कडक इस्त्रीचा शर्ट, स्वच्छतेचा मोठा भोक्ता. रुजू झाले त्या आठवड्यात त्यांनी समीक्षाला रांगेतून बाहेर काढलं होतं.

"हे काय? हात धुवून येता येत नाही?"

पोरीनं हात पाठीमागे घेतले. "मारुतीचा शेंदूर हाय, सर."

सगळी रांग तिच्या बाजूनं ओरडली, "देवाचा हाय, सर, देवाचा हाय!" सर ओशाळले. परगावचा माणूस, देवाधर्मात कशाला पडा? त्या दिवसापासून बाकीच्यांची नखं तपासली जात आणि समीक्षाची सोडली जात. तेच हात घेऊन ती खिचडीच्या पंगतीला बसे. देवाचं म्हटलं की हात धुवायलाही कुणी सांगत नाही, असे आम्ही भाविक.

कापूस फुटून पांढरा झाला होता त्या दिवसांत शाळेत आरोग्य तपासणीची गाडी आली. डॉक्टर गुंजन मॅडम, ठेंगण्या, घाईच्या. पोरं एकामागून एक वजनकाट्यावर चढत, जीभ काढत, पुढे जात. समीक्षाची पापणी ओढून त्या थांबल्या. मग तोंड उघडायला लावलं. हिरड्यांच्या कडेनं निळसर रेघ होती.

"पोट दुखतं का बाळा?"

"रोजच दुखते."

"हाताला काय लागलंय?"

समीक्षाच्या आधी सरच बोलले, "मॅडम, देवाचं आहे ते."

मॅडमनी सरांकडे पाहिलं. "देवाचं असू द्या. आहे काय ते?"

गावात आजवर हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.

तिचं रक्त काढून घेतलं. ते बाहेर तपासायला गेलं आणि काही दिवसांनी मारेगावच्या दवाखान्यातून निरोप आला. वेचणीचा दिवस मोडून उर्वशी आणि तिचा नवरा यज्ञेश्वर गेले. यज्ञेश्वर म्हणजे येगू, बारावी झालेला, शांत, बापापुढे कधी तोंड न उघडलेला.

"तिच्या रक्तात शिसं आहे," मॅडम म्हणाल्या. "पुष्कळ आहे."

"शिसं?" येगूनं विचारलं. "मासे धराच्या जाळ्याले लावतेत ते?"

"तेच."

"आमी तं माळकरी, मॅडम. मासे बी खात नाही."

मॅडमना हसू आलं नाही. त्यांनी समजावून सांगितलं. देवाला चढवायचा असला शेंदूर बहुतेक वेळा शिशापासूनच करतात. हाताचं तोंडात, तोंडातलं पोटात, पोटातलं रक्तात जातं. लहान लेकराच्या रक्तातून ते थेट मेंदूत उतरतं, मोठ्यांचे हात गळतात. "तुमची मुलगी मठ्ठ नाही, ताई. तिला हळूहळू विष चढत होतं."

उर्वशी पदरानं तोंड दाबून रडायला लागली. दुःख होतंच, पण त्या रडण्यात आनंदही होता, आणि त्या आनंदाची तिला लाज वाटत होती. पोरगी मठ्ठ नाही! ज्या पोरीला तिनं स्वतः दोनदा पाटीनं मारलं होतं, ती मठ्ठ नव्हती.

"मंग गेलेलं डोस्कं परत येईन का?"

"सगळं येईल असं खोटं सांगणार नाही. पण आज थांबवलं तर ती वर येईल, चांगली वर येईल. गोळ्या देते. दूध, पालेभाजी, गूळ-शेंगदाणे द्या, उपाशीपोटी ठेवू नका, रक्त पुन्हा तपासायला आणा. आणि त्या शेंदराचा कण तिच्या हाताला लागता कामा नये. तो जिथं मळता, तिथली मातीही काढून टाका. हे नाही केलं तर माझ्या गोळ्यांना काही अर्थ नाही."

घरी आल्यावर येगूनं बापाला सांगायला सुरुवात केली आणि दुसऱ्याच वाक्याला अडखळला. पुंडलिकराव जेवायला बसले होते. त्यांनी घास खाली ठेवला.

"देव कोणाले इख देत नसते."

उर्वशी चुलीपुढे उभी होती. तिनं पदर सावरला आणि बोलली, "देवानं नाही दिलं, मामाजी. आपण देलं."

या घरात आल्यापासून सासऱ्यापुढे ती एवढं लांब वाक्य पहिल्यांदा बोलली असेल. पुंडलिकरावांनी ताट पुढे सरकवलं.

"मंग शुक्रवारी कोण मळन?"

"समीक्षा नाही मळणार."

"बापजाद्याची रीत हाय ते. तुह्या डॉक्टरनीले काय मालूम?" म्हणून ते ताटावरून उठून गेले. अन्न तसंच राहिलं.

शुक्रवार आला. सांजच्याला पुंडलिकरावांनी ओट्यावर कोपर मांडला, शेंदराची पुडी फोडली आणि नेहमीसारखी हाक मारली, "समीक्षाऽ!" पोरगी सवयीनं उठली. आजोबांची हाक आणि आईचा हुकूम यांच्या मधोमध उंबऱ्यावर एक पाय आत, एक पाय बाहेर अशी उभी राहिली.

उर्वशी आतून आली. तिनं पोरीला मागे ओढलं, ओट्यावर चढली आणि वाकून दोन्ही हातांनी कोपर उचलला.

म्हातारीनं, उर्वशीच्या सासूनं भागीरथाबाईंनी, तोंडावर हात नेला. लग्न झालेल्या बाईचा हात लागला, कोपर बाटला. आता कासाराकडून उजळून आणल्याशिवाय तो चालणार नव्हता, म्हणजे या शनिवारी मारुतीला शेंदूर नाही. रीत मोडता येत नव्हती म्हणून उर्वशीनं रीतच वापरली. ती कोपर छातीशी धरून उभी होती.

"बाटला," ती म्हणाली. "आता काय करता ते करा."

शनिवारी मारुती कोरडा राहिला. आमच्या गावात बातमीला पाय नसतात, पंख असतात. पारावर धावजी नावाचा म्हातारा होता, पुंडलिकरावांच्याच वयाचा. त्यानं हटकलं, "काय बुवा, सुनेनं देव बाटवला म्हंतेत?" चार माणसं हसली. ज्या हाताकडे पाहून गाव मान लववायचं, तो हात पुंडलिकरावांनी त्या दिवशी उपरण्यात झाकून घेतला आणि पारासमोरून न जाता नाल्याच्या वाटेनं वावरात गेले.

पऱ्हाटी फुटून वाया चालली होती. बायामाणसं मिळत नव्हती, म्हणून घरचीच सगळी वेचायला लागलेली. पुढच्या ओळींत येगू आणि उर्वशी, मागे म्हातारा-म्हातारी. पुंडलिकरावांचा उजवा हात गेल्या काही वर्षांपासून मनगटातून लोंबायला लागला होता. बोंडातला कापूस चिमटीत धरावा तर हात वर होईना, आणि झालाच तर बोंडाच्या वाळक्या नख्या बोटांत शिरत. त्यांच्या वडिलांचाही हात शेवटी असाच गळाला होता. घरात त्याला सेवेची खूण म्हणत.

भागीरथाबाई वेचता वेचता जवळ आल्या. जन्मभर हो-ला हो करत आलेली बाई. ओटीतला कापूस दाबत, नवऱ्याकडे न पाहता बोलायला लागल्या.

"तुमची बहीण मळे. तिले अक्षर नाही आलं."

पुंडलिकराव पुढच्या बोंडाशी झटत राहिले.

"आपली दुर्पता मळे. मास्तरानं तिले ढोर म्हटलं, तुमी बी म्हटलं, म्या बी म्हटलं. शाळेतून काढली, उजवून टाकली. येगूनं नाही मळला. येगू बारावी झाला." त्यांनी एक बोंड रिकामं केलं, पुढच्याला हात घातला. "दोघं बी माह्याच पोटचे. एकच दूध पेले. मंग पोरीचंच डोस्कं काहून जड झालं?"

वारा पडला होता. पुंडलिकरावांनी आपला लोंबता हात डाव्या हातानं उचलून डोळ्यांपुढे धरला. बापाचा हात, आपला हात.

"दुर्पता हुशार होती का वं?" त्यांनी विचारलं.

"शेंदराले बसाच्या आंधी? लय. या वावरातल्या एकूण एक झाडाले तिनं नाव ठेवलं होतं. धुऱ्यावरच्या त्या पळसाले 'मामा' म्हणे. तुमालेच सांगे, तुमी हासत होते."

पुंडलिकरावांना आठवलं. ते तिथंच काकरीत खाली बसले आणि रडले. उघड्यावर, दिवसाढवळ्या, म्हातारा माणूस पऱ्हाटीच्या आडोशाला बसून पोरीच्या नावानं रडला. भागीरथाबाई वेचत राहिल्या. त्यांचंही रडणं झालं होतं, फार वर्षांपूर्वी.

पुढच्या शनिवारी पुंडलिकराव पारावर आले. उजवा हात उघडाच होता.

"आजपासून शेंदूर माह्या घरी येणार नाही," ते म्हणाले. "शनिवारी मारुतीले तेल आन् रुईची माळ. शेंदूर सालातून एक खेप, जयंतीले. थो बी इथंच, देवळामागं, म्या कालवीन, लाकडानं. लेकराइले जवळ येऊ द्याचं नाही, त्याइच्या कपाळी लावाचा नाही."

"रीत मोडते, बाप्पा," धावजी म्हणाला.

"रीत माह्या घरची हाय. मोडाची तं माह्याच हातानं मोडीन."

"आन् देव कोपला म्हंजे?"

"मंग तुह्या घरची नात धाड मळाले. धाडतं?"

धावजीला नेमकं तेव्हाच खोकला आला. दोन नाती होत्या त्याला. त्यानं तंबाखूची चंची काढली आणि ती सोडण्यात तो बराच गुंतून गेला. पुन्हा हा विषय पारावर कुणी काढला नाही.

येगू आणि उर्वशीनं ओटा खणला. मॅडमनी सांगितल्याप्रमाणे आधी माती भिजवली, धूळ उडू नये म्हणून, तोंडाला फडकी बांधली, समीक्षाला मामाच्या गावी धाडलं. वरचा थर निघाला तो तांबूस होता. कुदळ आणखी खाली गेली तरी तांबूसच. किती पोरींच्या हातचा शेंदूर त्या मातीत झिरपला होता, कोण जाणे. येगू घामाघूम होऊन खणत होता. "दुर्पताताई इथंच बसे," तो एकदाच म्हणाला. ती माती विहिरीपासून, नाल्यापासून दूर खोल खड्ड्यात पुरली. ओट्यावर नवी माती घातली आणि भागीरथाबाईंनी शेणानं सारवून रांगोळी काढली.

साकेत सर घरी आले. "माझंच चुकलं. रोज बघत होतो अन् रोज सोडत होतो," म्हणाले. त्यांनी समीक्षाला मागच्या ओळीतून उचलून पुढे बसवलं आणि शाळा सुटल्यावर थांबवून दोनाच्या पाढ्यापासून पुन्हा सुरू केलं.

आता कुणाला वाटेल, जादू झाली. तसं काही झालं नाही. संक्रांत आली तरी पोरगी पाढ्यात अडखळतच होती. एकदा चिडून पाटी फेकली. पण पोटदुखी आधी गेली. मग भूक लागायला लागली, भाकरीवर भाकर. तूर घरात येईतो गालांवर रंग आला. एका सकाळी उर्वशीनं तिला मीठ, माचिस आणि खोबऱ्याचा तुकडा आणायला धाडलं, आणि समीक्षा मीठ, माचिस आणि खोबऱ्याचा तुकडा घेऊन आली. वर म्हणाली, "दुकानदार जुनं खोबरं देत होता, म्या नवीन मांगलं." उर्वशीनं सामान खाली ठेवलं आणि पोरीला इतकी गच्च धरली की पोरगी ओरडली.

मॅडमनी रक्त पुन्हा तपासलं. शिसं उतरलं होतं. अजून होतं, पण उतरलं होतं. सासरी असलेल्या दुर्पतेलाही पुंडलिकरावांनी निरोप धाडून मारेगावला बोलावलं. तपासणी झाल्यावर दवाखान्याच्या दारात तिला ते काय बोलले, ते येगूलाही ऐकू आलं नाही. परत जाताना ती आमच्या गावावरून गेली, वावरात उतरली आणि धुऱ्यावरच्या पळसाला हात लावून आली.

चैत्रात हनुमान जयंती आली. पहाटेच पुंडलिकराव एकटे देवळामागं गेले. हाताला पिशव्या बांधून, लाकडी उलथण्यानं त्यांनी शेंदूर कालवला, मारुतीला चढवला. लेकरं दूर पिंपळाखाली प्रसादाची वाट पाहत बसली होती, कपाळाला हळद लावून. देव नेहमीसारखाच झळकत होता. कोपल्याचं काही दिसत नव्हतं.

देवळाच्या हापशीवर त्यांनी साबणानं हातपाय धुतले, कपडे बदलले आणि ते घरी आले. दारात समीक्षा आडवी उभी होती, दोन्ही हात चौकटीला लावून. साकेत सरांनी तिला परिपाठाच्या वेळी नखं तपासायचं काम दिलं होतं, त्यामुळे तिच्या अंगात आता फार जोर होता.

"आबाजी, हात दाखवा."

"धुतले ना वं."

"दाखवा म्हटलं ना."

आतून उर्वशी धावली, "समे, काय करून राह्यली! मामाजी, तुमी या आत." पण पुंडलिकरावांनी मान हलवली. ते पायरीवर थांबले. डावा हात पुढे केला. उजवा मनगटातून लोंबत होता, तो डाव्या हातानं उचलून तिच्यापुढे धरला. गावानं ज्या हातापुढे मान लववली तो हात पोरीनं उलटा केला, सुलटा केला, एकेक नख उन्हात धरून पाहिलं.

"करंगळीत हाय अजून. पुन्ना धुऊन या."

पुंडलिकराव वळले आणि हापशीकडे गेले. पारावरून धावजीनं पाहिलं, "काय बुवा, देव तं झाला, आता कायले धुऊन राह्यला?"

"बाईनं परत धाडलं," पुंडलिकराव म्हणाले आणि नख घासायला लागले.

परत आले तेव्हा ती तिथंच उभी होती. तिनं पुन्हा दोन्ही हात पाहिले. जुना मुरलेला रंग रेघांत होताच, तो आता जाणार नव्हता. नवा काही नव्हता.

"आता या," म्हणून ती बाजूला झाली. मग काहीतरी आठवून म्हणाली, "आबाजी, पाचवीच्या शाळेत नखं पाहाचं काम मले देतीन का?"

पुंडलिकराव उंबऱ्यात थांबले. जिला वेचणीला लावायचं त्यांनी ठरवलं होतं, ती पोरगी त्यांच्याकडे मान वर करून पाहत होती.

"नाही देलं तं मले सांग," ते म्हणाले. "म्या येतो फाट्यावर. दाखवतो त्याइले माहे हात."